कोएलपासून हीरपर्यंत

आज दुपारी मसूद परवेझ यांचा १९७० सालचा 'हीर रांझा' हा पंजाबी चित्रपट अखेर सलग पाहिला, आणि संध्याकाळ झाली तरी त्यातली बासरी कानांतून जात नाही. लाहोरच्या या दिग्दर्शकाने १९५६मध्ये 'इंतजार' आणि १९५९मध्ये 'कोएल' हे उर्दू चित्रपट केले. दोन्हींत नूरजहाँ नायिका आणि संगीतकार ख्वाजा खुर्शीद अन्वर. फाळणीपूर्वी मुंबईत काम केलेली ही दोन माणसे (सैगल यांच्या 'परवाना'चे संगीत अन्वर यांचेच) पुढे लाहोरमध्ये परवेझ यांच्या चित्रपटांचा कणा झाली, हे मला फार मोलाचे वाटते.

'हीर रांझा'मध्ये नूरजहाँ पडद्यावर नाहीत, फिरदौस यांच्या हीरला त्यांचा केवळ आवाज आहे; तरीही अहमद राही यांचे पंजाबी शब्द त्या गातात तेव्हा कथा थांबत नाही, उलट गाण्यातूनच पुढे सरकते, आणि दिग्दर्शकाची खरी ताकद मला तिथेच दिसली. पंजाबी मला जेमतेम कळते. तरी एजाज यांच्या रांझाने वंझळी (पंजाबी बासरी) ओठांना लावली आणि माझे डोळे भरून आले.