अठ्ठावीस सांध्यांत पाय नाहीतच

आज शनिवार, मेथोट्रेक्सेटचा, म्हणजे माझ्या संधिवातावरच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) गोळीचा वार. आठवड्यातून एकदाच घ्यायची असते ही, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून केमिस्टने पाकिटावर लाल पेनाने "फक्त शनिवार" लिहून दिलंय. उद्याचा दिवस मळमळीत जाणार हे धरूनच भाजी आत्ताच चिरून फ्रीजमध्ये टाकली.

काल डॉक्टर मॅडमकडे फॉलोअप होता. दरवेळी सारखंच, हात पुढे करा, मूठ वळा, मग बोटांचे सांधे एकेक करून दाबायचे, मनगट, कोपर, खांदा, शेवटी गुडघे, की झाला आजार किती जोरात आहे त्याचा स्कोर. काल छान आला, आजार कंट्रोलमध्ये आहे म्हणाल्या. मी म्हटलं मॅडम मग रिक्षातून उतरून तुमच्या दारापर्यंत येताना मला दोनदा थांबावं का लागलं? तेव्हा कळलं की हा जो स्कोर काढतात त्यात २८ सांधे मोजतात आणि त्यात घोटा नाही, पायाचं एकही बोट नाही! मोजायला सोपं पडावं म्हणून म्हणे सगळीकडे हेच वापरतात. बरं बाबा, पण ज्याच्यावर माणूस उभा राहतो तेच सोडून द्यायचं?

मग त्यांनीच मोजे काढायला सांगितले, चवडा दोन्ही बाजूंनी हातात धरून आवळला आणि मी अशी ओरडले की बाहेरची बाई आत डोकावली. लगेच पायांचा एक्सरे. करंगळीच्या मुळाशी हाडाची कड कुरतडली गेलीय, दोन्ही पायांना. या आजारात बऱ्याचदा हाडाची पहिली झीज तिथेच दिसते म्हणाल्या. म्हणजे माझी बोटं अजून सरळ आहेत, अंगठी जाते, म्हणून सगळे "काही दिसत तर नाही गं तुला" म्हणत होते आणि खाली मोज्यात हे चाललेलं.

सकाळचं तर विचारूच नका. पलंगावरून पाय खाली टेकवला की तळव्याखाली कुणी खडे पसरून ठेवल्यासारखं वाटतं, तासभर तरी भिंत धरूनच चालणं. कारण काल समजलं. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, बंध ढिले पडतात, बोटं वर उचलली जाऊन वाकडी व्हायला लागतात आणि चवड्याखाली चरबीची जी गादी असते ती पुढे सरकते, मग हाडांची टोकं थेट जमिनीवर. म्हणून तिथे घट्टे पडतात. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या ब्लेडने कापून टाक, माझा भाऊ तेच करतो. काकू, तुमचा भाऊ प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी घेत नाही, मला साधी जखम चिघळली तरी महागात पडायचं. (याच काकू आधी वांगं, बटाटा, भात सगळं बंद कर सांगून गेल्यात. खायचं काय ते नाही सांगितलं.)

जोडवी दिवाळीपासून डब्यात आहेत, बोटं सुजल्यावर तेल लावून काढली ती काढलीच. सासूबाई पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत, पण हळदीकुंकवाला कुणीतरी बरोब्बर माझ्या पायांकडेच बघितलं. हातांकडे डॉक्टर बघतात आणि पायांकडे बायका, असं आहे एकूण.

आणि अनवाणी चालू नका हा सल्ला! आपल्याकडे? चपला दाराबाहेर, स्वयंपाकघरात शहाबादी फरशी, ओट्याशी दोन तास उभं राहायचं, वर देवघर. शेवटी एक एमसीआर रबराची मऊ चप्पल फक्त घरातली म्हणून ठेवलीय, तिने उंबरा ओलांडायचा नाही या अटीवर ती मंजूर झाली. बाहेरच्या बुटांत छोटं पॅड बसवून घेतलं. ते चवड्याच्या खाली नाही बरं का, त्याच्या जरा मागे बसवायचं असतं म्हणजे हाडांवरचा भार उचलला जातो. कोपऱ्यावरच्या चांभारदादांना हे समजावायला माझी दमछाक होईल वाटलेलं, तर त्यांनी माझ्या जुन्या चपलेचा तळ उलटा करून बघितला, कुठे जास्त झिजलीय त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले ताई इथेच दुखतंय ना. तपासणी म्हणावी तर ही! बूट पुढून रुंद घ्या, टोकाचे नकोत, हेही तेच म्हणाले.

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. टाचांच्या सँडल कामवाल्या मावशींच्या मुलीला देऊन टाकल्या, पैठणीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घालून जाणार आहे. ताईला फोन करून सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली फोटोग्राफरला कमरेपासून वरचेच काढायला सांगते.