आमची वाटचाल: साध्या बॅटरीपासून एजीएमपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं बॅटरीचं दुकान उभं राहिलं ते हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी), लोड टेस्टर आणि डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर. हायड्रोमीटर आजही रोज हातात असतो. सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाची घनता, १२४० च्या आसपास, सारखी आली की बॅटरी भरली. पाच सेल १२४० आणि एकच ११५० वर अडला, तर ती बॅटरी संपली. चार्जिंगचे पैसे घेऊ नयेत.

मधली वर्षं नीट गेली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या, म्हणजे स्टार्ट-स्टॉपच्या गाड्या वाढल्या. त्यांना ईएफबी (साध्या बॅटरीचाच दणकट प्रकार) किंवा एजीएमच (आम्ल काचेच्या मॅटमध्ये शोषलेली सीलबंद बॅटरी) लागते. तेव्हाच समोर एक मोठं दुकान उघडलं आणि ईएफबीच्या जागी त्याच मापाची साधी बॅटरी स्वस्तात बसवू लागलं. आमचं गिऱ्हाईक तिकडे वळलं, पगार थकले, गाळा विकायची बोलणी झाली. याचा राग अजून आहे. गाडी त्या दिवशी सुरू होते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण दर सिग्नलला सेल्फ, त्यात इंजिन बंद असताना ब्लोअर आणि लाइटचा भार. साधी बॅटरी कायम अर्धवट चार्जवर राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं. आधी स्टार्ट-स्टॉप काम करेनासं होतं, मग सकाळी सेल्फ उचलत नाही. दोष मात्र अल्टरनेटरला, म्हणजे गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाला!

त्या काळात टुरिस्ट गाड्यांचे एक मालक आमच्याकडेच येत राहिले. व्होल्टेज ठरवता येणारा चार्जर घ्यायला त्यांनी वर्षभराच्या कामाचे पैसे आगाऊ दिले. दुकान त्या चार्जरवर तरलं.

चार्जरचं सांगायलाच हवं. करंट एएचच्या (बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्याच्या) दहाव्या हिश्शाएवढा: ३५ एएचला साडेतीन अँपिअर. एजीएमला १४.४ ते १४.८ व्होल्ट, त्यापुढे नाही. जुन्या बूस्ट चार्जरवर व्होल्टेज १६ पर्यंत चढतं, व्हॉल्व्ह उघडून पाणी उडतं आणि एजीएममध्ये ते परत भरता येत नाही. जेल बॅटरीला १४.१ च्या आसपास थांबा. लिथियमला तिचाच चार्जर. चार्जिंगनंतर काही तास थांबून मीटर लावा: साधी १२.५ ते १२.७, एजीएम १२.८ च्या वर.

बसवताना ३८बी२०एल आणि ३८बी२०आर या एकाच मापाच्या बॅटऱ्यांत गल्लत नको. टर्मिनल उलट बाजूंना असतात, केबल ताणून बसवली की पुढे घासून शॉर्ट होते. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर चार्जरचा काळा क्लॅम्प टर्मिनलवर न लावता बॉडी अर्थला लावा, नाहीतर आत गेलेला करंट सेन्सरला मोजता येत नाही. बऱ्याच जर्मन गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते; नोंद नसेल तर गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशोबाने चार्ज करत राहते. आणि बॅटरी डिकीत असेल तर गॅस बाहेर नेणारी नळी जोडल्याशिवाय झाकण लावू नका.