कोऱ्या चहाचा दुधाचा चहा

"कुंड्या हलक्या लागत्यात साहेब," आक्का फोनवर एवढंच बोलल्या. फोन मालकांचा. तो आक्कांच्या हातात आहे म्हणजे मालक बोलायच्या मनःस्थितीत नाहीत, हे ओळखून मी चहा अर्धा टाकला आणि कोल्हापुरातून गाडी काढली.

शिरोळ तालुक्यातलं 10 गुंठ्यांचं पॉलिहाऊस. आत जरबेरा, तोही मातीत नाही, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या कुंड्यांत. साधारण 6000 कुंड्या, प्रत्येकीत खोचलेला, थेंब थेंब पाणी देणारा एक ड्रिपर. कोकोपीट पाणी धरतं, पोट भरत नाही. अन्न सगळं पाण्यातून द्यायचं. त्या पाण्याचं गणित माझ्याकडे. मे महिना, दिवसाला सात वेळा थोडं थोडं पाणी चालू होतं. अशात पाच तास पाणी तुटलं तर जरबेरा मान टाकतो, आणि मान टाकलेलं फूल दादरला कोण घेतंय?

मी पोचलो तेव्हा पश्चिमेकडच्या ओळींनी माना टाकायला सुरुवात केली होती. फिल्टर उघडला. जाळीवर ओल्या चुन्यासारखा लगदा. तसाच खताच्या टाक्यांकडे गेलो.

टाक्या दोन. ए टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड (पाण्यात विरघळलेलंच राहील असं) लोह, बी टाकीत मॅग्नेशियम सल्फेट, फॉस्फेट, पोटॅश आणि बाकीची सूक्ष्म अन्नद्रव्यं. दोन्हींत खत शंभरपट घट्ट केलेलं. 100 लिटर पाण्याला दोन्हीकडचं एकेक लिटर ओढलं जातं. पातळ पाण्यात त्यांचं भांडण होत नाही, पण घट्ट असताना कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की साका बसलाच. लोहामुळे ए टाकी एरवी कोऱ्या चहासारखी दिसते. त्या दिवशी झाकण उघडलं तर आत दुधाचा चहा!

"ह्या पोरानं घोळ घातला," मालक म्हणाले. पोरगा खाली मान घालून उभा. टाकीमागे पाच लिटरचा रिकामा कॅन पडला होता. ऑनलाइन मागवलेला 'ब्लूम बूस्टर', वर झगझगीत फूल. मागचं बारीक अक्षर वाचलं: फॉस्फरस आणि पोटॅश. म्हणजे आपल्याकडे खताच्या दुकानात 0:52:34 (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशचे टक्के) नावानं पोत्यात मिळतं, जवळपास तेच.

"कुठल्या टाकीत घालायचं सांगितलं होतं तुला?" मी विचारलं.

"मालक म्हटले, फुलाचं आहे, टाकीत घाल. ए मधी जागा होती."

मालक लगेच ड्रिपर बघायला निघून गेले. खरं तर चूक माझीही होती. मी टाक्यांवर मार्करनं ए आणि बी लिहून दिलं होतं, का ते त्या पोराला कधी समजावलं नव्हतं. दहावी झालेल्या पोराला दोन मिनिटांत कळलं असतं.

आधी झाडं. 200 लिटरच्या पिपात एकेक खत पातळ पाण्यात विरघळवत गेलो. बोअरचा इ.सी., म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप, मुळात 0.8. उन्हात झाड पाणी जास्त आणि खत कमी ओढतं, म्हणून 1.4 वर थांबलो; पी.एच. 5.8. मग आक्का, चार बाया, पोरगा, मी आणि (हे सांगायलाच हवं) मालकसुद्धा, सगळे कप घेऊन ओळींत. कुंडीला एक कप, पीप संपलं की पुन्हा भरायचं. सुकलेल्या ओळी आधी, हा क्रम आक्कांनी लावला. त्या कुंडी बोटानं जराशी उचलून बघायच्या. माझ्याकडे पंधरा हजारांचं मीटर आहे, पण ड्रिपर तुंबल्याचं सकाळी त्यांच्या बोटालाच कळलं होतं.

नंतर नळ्या. सगळे ड्रिपर उपसून कुंडीबाहेर लटकवले, नाहीतर अ‍ॅसिड थेट मुळांवर. हातमोजे, चष्मा, आणि पाण्यात अ‍ॅसिड, उलटं कधीच नाही. नायट्रिक अ‍ॅसिडनं पाण्याचा पी.एच. 2 वर आणून नळ्यांत तासभर धरून ठेवलं. एका बाबतीत नशीब चांगलं: साका फॉस्फेटचा होता, तो अ‍ॅसिडमध्ये विरघळतो. कॅल्शियमशी सल्फेट भेटून जिप्सम झालं असतं तर अ‍ॅसिडनं फारसं काही झालं नसतं आणि निम्म्या नळ्या बदलाव्या लागल्या असत्या. नळ्यांच्या टोकाच्या एंडकॅप काढून साधं पाणी सोडलं तेव्हा आधी गढूळ, मग नितळ. तरी चारेकशे ड्रिपर तुंबलेलेच राहिले, ते बदलले.

दुपारी पोराला ग्लासात दाखवलं. ए चं ताजं खत चमचाभर, त्यात बूस्टरचे थेंब. पांढरं झालं. "फाटलं की ओ!" तो म्हणाला, आणि मार्कर घेऊन दोन्ही टाक्यांवर स्वतःच्या अक्षरात लिहून आला: ए वर 'कॅल्शियम आणि लोह, दुसरं काय नको', बी वर 'बाकी सगळं'.

निघताना मालक गाडीपाशी आले. बराच वेळ आरसा पुसत राहिले.

"अजून दोन कॅन आहेत साहेब. परत घेत नाही म्हणतोय विकणारा."

"बी टाकीत घाला. तेवढं 0:52:34 मी कमी करून देतो," म्हणालो आणि बॉनेटवरच वही उघडली.