बोट बाजूला घ्या डॉक्टर!

वेंगुर्ल्यात सकाळपासून नुसता झोडपतोय. पेशंट दोनच, त्यातला एक पाऊस टाळायला आत शिरलेला. म्हणून हातात धरायच्या एक्स-रे मशीनची तपासणी आजच उरकली.

इंजिनियरनी आधी मशीन माझ्या हातातून काढून स्टँडवर चढवलं. समोर किरण मोजायचा मीटर, मागे शिशाचा पत्रा. मीटर नीट समोर आहे का बघायला मी नळीपुढे बोट नेलं, तर असे ओरडले की बाहेरच्या काकी दचकल्या. मशीन बंद होतं हो! पण सवय वाईटच. एक्स-रेच्या सुरुवातीच्या काळात लोक स्वतःचा हात धरूनच मशीन तपासायचे, आणि पुढे कित्येकांची बोटं गेली.

वायरचं बटण दाबताना आम्ही दोघं मागे, दोन मीटरवर, एप्रन घालून. अंतर दुप्पट की मारा पाव, हे कॉलेजात घोकलेलं.

एकाच सेटिंगवर पाच वेळा मारलं. ७० किलोव्होल्टला ६९, ७०, ६९... छान. खोट निघाली भलतीकडेच. नळीच्या तोंडाशी उलटे येणारे किरण अडवणारं पारदर्शक कडं असतं, त्याला केसाएवढी चीर. मागच्या महिन्यात ओल्या लादीवर मीच पाडलेलं, आणि कुणाला बोललो नव्हतो.

नवं कडं येईपर्यंत मशीन कपाटात. इंजिनियर बांगडा-भात खाऊन गेले.