त्या समर प्रोग्रामचा ॲडमिशनला उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट लिहूनच टाकते, कारण आईच्या भिशीतल्या काकूंपासून ऑफिसातल्या सीनियरपर्यंत सगळे हेच विचारतात, "तू अकरावी झाल्यावर बॉस्टनला त्या गणिताच्या समर प्रोग्रामला गेली होतीस ना, त्याचा पुढे अमेरिकेत ॲडमिशनला उपयोग होतो का गं? आमच्याकडच्यांना पाठवावं म्हणतोय." आता मी पुढे बीएस्सी केलं ते पुण्यातच, त्यामुळे ॲडमिशनच्या बाबतीत मी म्हणजे अगदीच फुसकी केस. पण तरी सांगते.

पहिलं म्हणजे 'समर प्रोग्राम' या एकाच नावाखाली दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक प्रकार असा की मोठ्या युनिव्हर्सिटीचा कॅम्पस असतो, हॉस्टेल असतं, दोन-तीन आठवडे कोर्स असतो आणि फी सहज पाच-सात लाखांच्या घरात जाते, वर तिकीट आणि व्हिसा वेगळा. यातले काही कोर्स खरंच छान असतात, पण तिथे गेलं म्हणून त्याच युनिव्हर्सिटीत नंतर सीट मिळते असं काही नसतं, कित्येक ठिकाणी त्यांच्याच वेबसाईटवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त आपल्याकडचे कन्सल्टंट ती ओळ वाचून दाखवत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे जिथे आत जाणंच अवघड आणि पैशांचा भाग दुय्यम. एमआयटीत भरणारं आरएसआय घ्या, शाळकरी मुलांसाठीचा विज्ञान-संशोधनाचा प्रोग्राम, १९८४पासून चालू आहे आणि निवड झाली तर शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट, फक्त जाण्यायेण्याचं तुमचं तुम्ही बघायचं. मी गेले ते प्रॉमिस, बॉस्टन युनिव्हर्सिटीतलं, १९८९पासून चालू असलेलं, सहा आठवडे आणि विषय एकच, गणित. माझा सगळा खर्च मेहता फेलोशिपमधून झाला, अगदी विमानाच्या तिकिटासकट, नाहीतर आमच्या घरात हा विषय चहाच्या कपाबरोबर संपला असता.

मला हे कळलं कुठून, तर भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली पुण्यात काढलेली संस्था, गणित ऑलिंपियाड स्पर्धेच्या तयारीला मी तिथे जायचे. माझं ऑलिंपियाड काही फार पुढे गेलं नाही, पण तिथल्याच एका मुलाने प्रॉमिसच्या अर्जातले प्रश्न दाखवले आणि मी अडकले. अर्ज म्हणजे मुख्यतः तेच, मूठभर प्रश्न, घरी बसून कित्येक आठवडे विचार करायचा, कुणाची मदत घ्यायची नाही, पूर्ण सुटलं नाही तरी जिथपर्यंत पोचलात ते लिहून पाठवायचं. सीईटीच्या क्लासमध्ये एका प्रश्नाला दीड मिनिट देणाऱ्या मुलीला कुणीतरी म्हणतंय की घे, याला महिना घे. मला तर ते वाचूनच भारी वाटलं होतं.

तिथे गेल्यावर पहिल्या दिवसापासून हातात प्रॉब्लेम सेट. सकाळी लेक्चर असतं, पण ते प्रश्नांच्या मागून चालतं, म्हणजे जे लेक्चरमध्ये येणार त्याच्याशी तुम्ही आधीच काही दिवस झटापट केलेली असते. सुरुवातीला नुसते आकडे घालून बघायचे. उदाहरणार्थ, एखाद्या संख्येचा वर्ग करा, त्यात १ मिळवा, आता उत्तराला ५ने भाग जाईल अशी संख्या आहे का? आहे, २. १३ने? ५ घ्या, २६ येतात. १७ने? ४ घ्या. मग ३, ७, ११ घेऊन बघा, डोकं आपटलंत तरी मिळणार नाही. तासभर असं खरडल्यावर कधीतरी लक्षात येतं की ज्या मूळ संख्येला ४ने भागल्यावर बाकी १ उरते तिथे जमतं आणि ३ उरते तिथे जमत नाही, आणि मग खरा प्रश्न येतो, नेहमीच असं होतं का आणि का होतं. या वाटेने जात जात शेवटी गाउसने १७९६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी सिद्ध केलेल्या सिद्धांतापर्यंत पोचतात. अठराव्या वर्षी! आम्हीही साधारण त्याच वयाचे आणि रात्री अकराला कॉमन रूममध्ये पिझ्झा खात एकमेकांच्या वह्यांमधल्या चुका काढत बसलेले.

प्रश्नांचा एक प्रकार मला फार आवडायचा, विधान दिलेलं असतं, ते सिद्ध करा नाहीतर खोडून काढा, आणि खोटं निघालंच तर थोडं बदलून वाचवता येतंय का बघा. आपल्याकडे बोर्डात 'सिद्ध करा' म्हटलं की ते खरंच असतं, शंकाच नसते. आणि काउन्सेलर म्हणजे कॉलेजची मुलं, हॉस्टेलमध्ये आपल्याबरोबरच राहणारी, ती वही तपासून द्यायची. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्य, हे मी अर्थातच सरळ लिहून टाकलं, तर पुढे पेनाने 'का?'. दोन दिवस गेले त्या 'का'मध्ये. पण रँक नाही, कोण पुढे कोण मागे काही नाही, त्यामुळे मला येत नाही असं म्हणायची लाज हळूहळू गेली.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. जेवण, शाकाहारी असाल तर उपाशी राहत नाही पण कंटाळा येतो, लोणचं न्या. एकटी मुलगी, भीती वाटली का, तर नाही, बाहेर जायचे नियम असतात, रविवारी चार्ल्स नदीच्या काठाने ग्रुपने फिरायचो, चार जुलैची आतषबाजी बघितली. बॉस्टनचा जुलै चांगलाच घामट असतो, स्वेटर भरभरून देऊ नका. खरी अडचण आपल्याकडची. अमेरिकेतले हे बहुतेक प्रोग्राम जून अखेर ते ऑगस्टमध्ये असतात आणि आपली बारावी जूनमध्येच सुरू झालेली असते, परत आले तेव्हा क्लास कितीतरी पुढे गेला होता, कॉलेजात हजेरीवरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. जेईई मनापासून करायची असेल तर हे गणित बसतंय का ते आधी बघा.

आणि आता तर बेंगळुरूलाच आयआयएससी या विज्ञान संस्थेत प्रॉमिस इंडिया होतं, तेही सहा आठवड्यांचंच, मे-जूनमध्ये, म्हणजे व्हिसाची भानगड नाही आणि हजेरीचीही फारशी नाही. हल्ली विचारणाऱ्यांना मी आधी तेच सांगते, तर बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, बेंगळुरू होय.

तर काकू, असं करा. अर्जातले प्रश्न वेबसाईटवर येतात, त्यांची प्रिंट काढून चिरंजीवांच्या टेबलावर ठेवा आणि काही बोलू नका. आठवड्याने कागद बघा. कोरा असेल तर पैसे वाचले, मुलाला गोव्याला घेऊन जा. खरडलेला असेल, उत्तर चुकलेलं असलं तरी, तर मला फोन करा, शिफारसपत्र कोणत्या सरांकडून घ्यायचं ते बोलू.