पिमेंटो चीज पंधरा मिनिटांत, सँडविचं कापायला अख्खी संध्याकाळ

पिमेंटो चीज सँडविचची कुठलीही रेसिपी उघडा आणि शेवटची ओळ वाचा. 'ब्रेडला लावा, कडा कापा, बोटभर रुंदीचे तुकडे करा आणि वाढा.' बस्स. चीज कुठलं घ्यावं, मेयोनेज कुठलं, कांदा किसून घालावा की नाही, यावर पानंच्या पानं. आणि ज्या कामात खरे नाकी नऊ येतात त्याला एक ओळ! मे महिन्यात आमच्या कॉलनीतल्या एका मुलाच्या हायस्कूल ग्रॅज्युएशनची पार्टी होती. प्रत्येक घरानं एकेक पदार्थ न्यायचा होता, आणि आमच्या वाट्याला ही फिंगर सँडविचं आली. पार्टी केव्हाच होऊन गेली, त्या एका ओळीवरचा माझा राग काही गेलेला नाही.

आम्ही राहतो अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला. जॉर्जियात काय किंवा शेजारच्या कॅरोलिनांमध्ये काय, पिमेंटो चीजशिवाय चारचौघांचं खाणंपिणं होत नाही. होणाऱ्या बाळासाठीचा समारंभ, चर्चमधलं जेवण, कुणाकडे दुःखाचा प्रसंग असला तर पोचवायचा डबा, सगळीकडे हे असतंच. वस्तू साधी आहे: किसलेलं चेडर, मेयोनेज आणि बरणीत मिळणाऱ्या लाल, सोललेल्या, गोडसर पिमेंटो मिरच्या. एप्रिलमध्ये ऑगस्टाला मास्टर्स गोल्फ स्पर्धा भरते, तिथे हे सँडविच दीड डॉलरला मिळतं आणि त्याचं केवढं कौतुक! पण तिथे पांढऱ्या ब्रेडचे दोन अख्खे स्लाइस, कडांसकट, गुंडाळून हातात देतात. कडा काढून एकसारखी बोटं कापायची म्हटली तर दीड डॉलरमध्ये कोण करेल, मला बघायचंय.

चीजचा भाग पटकन सांगून टाकतो, कारण तो खरंच सोपा आहे. साधारण साडेचारशे ग्रॅम एक्स्ट्रा शार्प चेडर, सव्वादोनशे ग्रॅम क्रीम चीज, पाऊण कप मेयोनेज, ११३ ग्रॅमवाल्या पिमेंटोच्या दोन बरण्या, चमचाभर किसलेला कांदा, चिमूटभर केयेन (लाल तिखट मिरचीची पूड) आणि मिरपूड. मीठ चाखून घाला, चेडरमध्ये असतंच. चीज मात्र वडीच आणा आणि स्वतः किसा. पाकिटातलं तयार किसलेलं चीज गोळा होऊ नये म्हणून त्याला बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, आणि मग ते मेयोनेजशी नीट मिळून येत नाही, जिभेला पिठूळ लागतं. अर्धं चीज किसणीच्या मोठ्या भोकांवर आणि अर्धं बारीक भोकांवर किसलं की छान जमतं. बारीक कीस मिसळून जातो, मोठा दाताखाली येतो.

क्रीम चीजवरून इथे भांडणं होतात. आमच्या शेजारच्या आजी (वय ऐंशीच्या पुढे, जन्म इथलाच) क्रीम चीजचं नाव काढलं की नाक मुरडतात. खरं तर हा पदार्थ सुरू झाला तोच मुळी उत्तरेकडे, न्यूयॉर्कच्या बाजूला, आणि क्रीम चीजमध्येच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधून डबाबंद पिमेंटो यायचे, ते क्रीम चीजमध्ये घालत. पुढे अटलांटाच्या दक्षिणेला ग्रिफिन भागात पिमेंटोची शेती आणि डबे भरण्याचा धंदा जोरात चालला, मिरची स्वस्त झाली, आणि दक्षिणेनं चेडर आणि मेयोनेज घालून पदार्थ आपलासा करून टाकला. हे मी आजींना सांगितलेलं नाही. मला इथेच राहायचंय.

पण फिंगर सँडविच करणार असाल तर क्रीम चीज घालाच, त्याला कारण आहे. नुसतं चेडर आणि मेयोनेज असलं की सारण सैल राहतं, सुरी लागली की घसरतं. क्रीम चीज गार झालं की घट्ट धरून ठेवतं. आणि इथेच आपण त्या एका ओळीपाशी येतो.

त्या ओळीत क्रम काय दिलाय? लावा, कडा कापा, तुकडे करा. मी संध्याकाळी ओट्यावर सगळं मांडलं, दुकानातून आणलेला ताजा, मऊ पांढरा ब्रेड घेतला, सारण लावलं आणि सुरी चालवली. वरचा स्लाइस एकीकडे सरकला, खालचा दुसरीकडे. मधून नारिंगी सारणाची वळकटी बाहेर आली आणि सुरीला चिकटून पुढच्या पांढऱ्या ब्रेडवर ओढली गेली. कड कापायला दाबावं तर अख्खं सँडविच चपटं होतंय, न दाबावं तर कड तुटत नाही, नुसती चिंबते. पुन्हा रेसिपी वाचली. 'कडा कापा.' दुसरी काढली. 'धारदार सुरीनं कडा कापा.' तिसरीत फोटो होता. त्यात शुभ्र ब्रेडची, कोपरे काटकोनात असलेली बोटं तीन मजली रचून ठेवलेली, एका कडेलाही डाग नाही. ही रेसिपी लिहिणारी बाई नेमकं काय करते ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याऐवजी तिच्या आजीच्या व्हरांड्याचं तीन परिच्छेदांचं वर्णन होतं. नमनाला घडाभर तेल, आणि नाटकाच्या वेळी पडदाच!

सुरी बदलली. भाजीची धारदार सुरी ब्रेड दाबते. दातेरी सुरी बरी, पण ती सारण ओढते. पिझ्झा कापायचं चाक वापरा असं एका ठिकाणी होतं. ते वापरणाऱ्यानं हे सँडविच कधी केलं नसावं. तेवढ्यात बायको म्हणाली, "अरे, खालच्या पटेल स्टोअरमधून सामोसे आणू का सरळ?" त्या घटकेला मोह झाला होता, नाही असं नाही.

मग आजींना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "हनी, फ्रिजमध्ये ठेवली होतीस ना आधी?"

"कुठे लिहिलंय असं?"

"त्यात लिहायचं काय?"

सगळी गोम इथे आहे. इकडे प्रत्येकीला हे माहीत असतं, म्हणून कुणी लिहीत नाही. आपल्याकडे मावशी-आत्या रेसिपी सांगताना 'मीठ अंदाजानं, पाणी लागेल तसं' म्हणतात आणि वर विचारतात, तुझे का बिघडले? तर जे कुणी लिहीत नाही ते मी सविस्तर लिहितो.

ब्रेड आदल्या दिवशीचा घ्या, पातळ स्लाइसचा आणि जरा घट्ट पोताचा, आणि तोही रात्रभर फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये ब्रेड लवकर शिळा, ताठ होतो हे एरवी वाईट, इथे तेच हवं. स्लाइस पाकिटात जसे लागून असतात तशाच जोड्या लावा. लागून असलेल्या दोन स्लाइसचा आकार जुळतो, नाहीतर वरची कड खालच्यापेक्षा मोठी निघते आणि कापताना दुप्पट ब्रेड वाया जातो. सारण एका सँडविचला सपाट अडीच टेबलस्पून, त्याहून जास्त नाही, आणि थेट कडेपर्यंत. कडा आत्ता कापायच्या नाहीत! हे महत्त्वाचं. कडांसकट सँडविच बंद करा, ट्रेमध्ये एकाच थरात मांडा, प्लॅस्टिकनं घट्ट झाका, वर दुसरा हलका ट्रे ठेवा आणि फ्रिजमध्ये निदान तासभर. घाई असेल तर फ्रीजरमध्ये वीसेक मिनिटं चालतात, पण तिथे विसरू नका. पूर्ण गोठलं की मेयोनेज फुटतं आणि सुटताना पाणी सोडतं.

हा तास फार जड जातो. ओटा पसरलेला, पाहुणे उद्याचे, आणि आपण फ्रिजच्या दाराकडे बघत बसलेलो. मी मध्येच एक काढून कापून पाहिलं. बाहेरून गार, मधे अजून मऊ. परत ठेवलं. खरंच तासभर लागतो, वाटाघाटी चालत नाहीत.

तासानंतर तीच सुरी, तोच हात, आणि फरक बघून मला हसूच आलं. लांब दातेरी सुरी, लाकूड कापतो तशी पुढे-मागे, वरून अजिबात न दाबता. आधी चारही कडा, मग तीन बोटं. प्रत्येक कापानंतर सुरी ओल्या पेपर टॉवेलनं पुसायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. एकदा कंटाळा केला की पुढच्या ब्रेडवर नारिंगी रेघ. एकावर एक दोन सँडविचं ठेवून कापता येतात, तीन ठेवली की खालचं दबतं. फ्रिजमधून एका वेळी एकच ट्रे बाहेर काढा, बाकीची गारच राहू देत.

आजींनी त्यांची विजेवर चालणारी सुरी देऊ केली होती, थँक्सगिव्हिंगला टर्की कापायची. इकडच्या बऱ्याच बायका तीच वापरतात आणि तिनं काप फार सुरेख येतो म्हणे. पण पार्टीत शाकाहारी मंडळी होती, म्हणून मी हात जोडले.

शाकाहारींवरून आठवलं. बऱ्याच रेसिपींत वूस्टरशर सॉसचे दोन थेंब असतात. नेहमीच्या वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात, तेव्हा तो वगळा किंवा बाटलीवर शाकाहारी लिहिलेला आणा. नेहमीच्या मेयोनेजमध्ये अंडं असतंच. काही चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवायला वापरतात तो पदार्थ) असतं, वेष्टनावर वाचा. ट्रेजवळ एक चिठ्ठी ठेवा, काकू मंडळी विचारतातच.

मेयोनेज मी ड्यूक्स या ब्रँडचं घेतलं. यात साखर नसते, म्हणून सारण गोडसर होत नाही. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१७ साली, साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलमध्ये युजीनिया ड्यूक नावाच्या बाई जवळच्या कॅम्प सेव्हिअरमधल्या सैनिकांना सँडविचं विकायच्या, त्यातून हे मेयोनेज पुढे आलं. सैनिकांना विकायची सँडविचं त्यांनी कडा काढून बोटासारखी कापली असतील असं मला तरी वाटत नाही.

एक राहिलं, आणि खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. पिमेंटोचं पाणी. बरणीतलं पाणी नुसतं ओतून देणं पुरत नाही. श्रीखंडाच्या चक्क्यासारखं मलमलच्या फडक्यात बांधून ठेवा, मग पिळा, आणि वर पेपर टॉवेलवर पसरून टिपा. एवढं पाणी निघतं की आश्चर्य वाटतं. ते सारणात गेलं की सकाळपर्यंत खालचा स्लाइस ओला. सारण आदल्या रात्रीच करून ठेवा, चव मुरते. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकतं.

कापलेली सँडविचं ठेवायची कशी, यावरही रेसिपी म्हणतात 'ओलसर कापडानं झाका'. थेट झाकू नका! वरचा स्लाइस भिजतो. आधी मेणकागद, त्यावर घट्ट पिळलेला ओला पेपर टॉवेल, त्यावर प्लॅस्टिक. असं ठेवलं तर सकाळपर्यंत कडा वाळत नाहीत.

प्रमाण विचाराल तर वर दिलेल्या सारणात साधारण पंचवीस सँडविचं, म्हणजे पंचाहत्तर बोटं होतात. ब्रेडची तीन पाकिटं लागतात, कारण टोकाचे स्लाइस उपयोगी नाहीत. बाकी पदार्थ असतील तर माणशी तीन धरा. आमच्याकडे मुलांनी माणशी सहा खाल्ली.

पार्टी अंगणात असेल तर सगळा माल एकदम मांडू नका. इकडचा नियम असा की असे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेली तर एकच तास. जॉर्जियाच्या मे महिन्यात दुपारी त्याचा भरवसा नाही. मी बर्फाच्या पेटीत ठेवून एकेक ट्रे बाहेर काढत होतो. आजी आल्या, एक उचललं, कडेनं फिरवून पाहिलं, खाल्लं, आणि दुसरं उचललं. क्रीम चीजबद्दल काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

कापलेल्या कडा टाकू नका. ओव्हनमध्ये कडक वाळवून मिक्सरला फिरवल्या की कटलेटसाठी चुरा होतो, आणि सारण लागलेला असल्यामुळे जास्त खमंग लागतो. फक्त तो फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. आणि किसणी लगेच गार पाण्यात टाका, गरम पाण्यानं चेडर भोकांत वितळून बसतं आणि मग ते काढायला टूथपिक घेऊन बसावं लागतं.