एका मिलिमीटरचा फरक

लहान मुलांच्या आयसीयूत नव्याने आलेल्या प्रत्येक रेसिडेंट डॉक्टरला मी सांगते: नुसत्या बीपीवर विसंबून राहू नकोस. मूल शॉकमध्ये गेलं, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त मिळेनासं झालं, तरी बीपी बराच वेळ धरून ठेवतं. नाडी धावते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते आणि बीपी पडतं ते अगदी शेवटी. तोपर्यंत हृदय मिनिटाला नक्की किती रक्त बाहेर टाकतंय हे कळलं, तर सलाईन द्यायचं की औषधाचा पंप लावायचा हे ठरवता येतं. मोठ्या माणसांत हे मोजायला फुगा असलेला कॅथेटर हृदयातून पुढे सरकवायची पद्धत १९७० पासून आहे. आठ-दहा किलोच्या बाळाला ते सहसा झेपत नाही, म्हणून एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

डाव्या कप्प्यातून महाधमनीत जाणाऱ्या वाटेचा व्यास आधी मोजायचा. मग प्रोब हृदयाच्या टोकाशी धरून, झडपेच्या जरा अलीकडे डॉप्लर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) लावून, एका ठोक्यात रक्त किती सेंटिमीटर पुढे सरकतं ते काढायचं. हा व्हीटीआय. वाटेचं क्षेत्रफळ गुणिले व्हीटीआय म्हणजे एका ठोक्याचं रक्त; त्याला ठोक्यांनी गुणलं की मिनिटाचं.

गोम आहे ती व्यासात, कारण त्याचा वर्ग होतो. दहा किलोचं बाळ घ्या. व्यास १० मिमी, व्हीटीआय १६ सेंमी, ठोके १४०: उत्तर येतं मिनिटाला साधारण १.७६ लिटर. तोच व्यास कुणी ९ मिमी मोजला तर १.४३. एका मिलिमीटरने १९ टक्के रक्त कागदावरून गायब! मोठ्या माणसाच्या २० मिमीच्या वाटेत एवढीच चूक झाली तर फरक जेमतेम १० टक्क्यांचा. म्हणून मी एकट्या आकड्यावर निर्णय घेत नाही. त्याच मुलाचा व्हीटीआय उपचाराआधी किती होता आणि नंतर किती झाला, हे बघते. काही तासांत व्यास बदलत नाही, त्यामुळे त्यातली चूक दोन्ही वेळा सारखीच राहते. प्रोबचा कोन मात्र दोन्ही वेळा तोच हवा, आणि मूल रडत नको. जेल कोमट करून घ्या, आईला उशाशी बसू द्या. रडून ठोके १७० वर गेलेल्या मुलाचं मोजमाप कशाला धरायचं?

मागच्या पावसाळ्यात डेंग्यूची एक सहा वर्षांची मुलगी आली. पहिल्या बोलसनंतर (थोड्या वेळात भराभर दिलेल्या सलाईननंतर) तिचा व्हीटीआय १३ वरून १७ वर गेला, हातपाय कोमट झाले. दुसऱ्यानंतर १७ चा १७ च, आणि श्वास वाढलेला. पुढचा बोलस थांबवला. आई घाबरली. "मॅडम, सलाईन कमी का केलं? अजून ताप आहे की." मी म्हटलं, "ताई, आता तिच्या हृदयाला जास्त पाण्याचा उपयोग नाही, ते फुप्फुसात साठेल." तिला स्क्रीनवरचे दुसऱ्या बोलसच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवले. दोन्हींची उंची सारखी आहे हे तिचं तिलाच दिसलं.

जास्त पाणी जिवावर बेतू शकतं, हे २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांवर तापाच्या मुलांच्या अभ्यासाने दाखवलं. बोलस दिलेल्यांत ४८ तासांत सुमारे १०.५ टक्के मुलं गेली, न दिलेल्यांत ७.३ टक्के. तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या आयसीयूत आणता येत नाही. पण बोलस देण्याआधी मोजायला काय हरकत आहे?

तालुक्याहून फोन येतात, "मॅडम, तुमचं छोटं मशीन घेऊन याल का?" नाही येता येत. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदलेलं सोनोग्राफीचं मशीन असं बाहेर नेता येत नाही, आणि मुली वाचवायला केलेला तो कायदा मला मनापासून पटतो. अशा वेळी मूल लवकर पाठवा, एवढंच सांगते.

आमच्याकडे आता भरतीच्या वेळचा व्यास, वजन आणि उंची केसपेपरवर लाल शाईने लिहितो. रात्रपाळीचा रेसिडेंट तोच व्यास धरतो आणि फक्त व्हीटीआय नव्याने काढतो, तीन-चार ठोक्यांची सरासरी घेऊन.